चराचं दुसरं टोक

माझी शाळा सातवीत सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील आणि शब्दही साधेच असतील, त्याची आधीच माफी मागतो. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून लिहितोय. आणखी एक सांगायचं आहे. ज्या कागदापासून हे सगळं सुरू झालं तो कागद मी पाहिलाय. अक्षर मोत्यासारखं आहे, एक काना-मात्रा चुकलेली नाही. फक्त जे लिहिलंय ते खोटं आहे. तेव्हा माझ्या चुका पोटात घाला. गोष्ट माझ्या मामांची आहे आणि त्यांनी सांगितली तशीच सांगतो.

१

"चर साफ करायचा म्हणजे काय, गाळ काढायचा आणि बाजूला टाकायचा," असं कुणी म्हटलं की मामांचं डोकं फिरायचं. तीस वर्षं ते हेच काम करत आले होते. दर वर्षी शेतं मोकळी झाली की गावामागचा चर नदीपासून वरपर्यंत साफ करायचा. त्याचे दोनशे दोनशे पावलांचे टप्पे पाडलेले. एका टप्प्यावर दोन माणसं. एकाने खालच्या टोकाकडून यायचं, दुसऱ्याने वरच्या, आणि मध्ये गाठ पडायची. गाठ पडायच्या आधी दोघांच्या मध्ये हातभर जाडीचा मातीचा बांध उरतो. तो फावड्याने फोडायचा नाही, कारण पलीकडे कुणाचा पाय असेल, हात असेल, काय सांगावं. फावडं काठावर ठेवायचं आणि बांध हाताने उकरायचा. एकाचा हात आरपार आला की समोरच्याने "आलो" म्हणायचं. गावातल्या एका म्हाताऱ्याने हे सगळ्यांना शिकवलेलं. त्याला सगळे उस्ताद म्हणत.

यंदा मुकादमाने मामांना जोडीदारच दिला नाही.

"माणसं कमी आहेत मामा. आणि तुम्ही एकटे दोघांना भारी आहात."

"मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका. माणूस द्या."

"देतो देतो," म्हणत मुकादम सायकलवर बसला आणि गेला.

मामांनी खालच्या टोकापासून एकट्याने सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मुकादम परत आला, पण तणतणत.

"काय हो मामा, गाळ रस्त्याच्या बाजूला का टाकताय? सायकल जायला वाट नाही!"

"डोळे तपासून घ्या. माझा सगळा गाळ शेताच्या बाजूला आहे."

"इथला नाही हो, वरच्या टोकाचा!"

"वरच्या टोकाला मी अजून गेलोच नाही."

"मग काय भुताने काढला?" मुकादम आपल्याच विनोदावर हसला. मामाही हसले. मग दोघं बघायला गेले.

वरच्या टोकाला साठेक पावलं चर साफ झाला होता. कडा अशा की पट्टी लावून कापल्यासारख्या. गाळाचे ढीग रस्त्याच्या बाजूला, ओळीने. मुकादम म्हणाला, "काम फक्कड आहे, पण पुढचं शेताकडे टाका," आणि निघून गेला. मामा तिथेच उभे राहिले. आमच्याकडची माती काळी आहे. दोन पुरुष खोल खणलं तरी काळीच लागते. ढिगातली माती पांढरट होती, खडूसारखी, आणि बोटाला चिकटली की सुटत नव्हती.

२

अशी माती मामांनी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिली होती आणि ते ठिकाण बोटीने अठरा दिवसांवर होतं.

कुणी लढाईला जाऊन आलाय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. मामांच्या हातात चार वर्षांत एकदाही बंदूक आली नाही. त्यांना मजूर तुकडीत घातलं होतं. तोफा पुढे जायच्या, मागे रस्ते चिखलात बुडायचे, आणि त्या चिखलाला वाट करून द्यायला हे चर काढायचे. दिवसभर गुडघाभर पाण्यात. पायाची कातडी मोज्याबरोबर निघायची. लढणाऱ्यांना पदकं मिळाली. चरवाल्यांना परत येताना एक घोंगडी मिळाली, तीही दोघांत एक. मामा हे सांगताना अजून चिडतात.

त्यांच्याबरोबर गावातला आणखी एकजण होता. उस्तादांचा मुलगा. डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावरा म्हणायचे. एकाच वर्गात होते, एकाच वर्षी शाळा सोडली, एकाच चरावर हात बसवला. उलट्या हातामुळे डावऱ्याचा गाळ नेहमी नको त्या काठावर पडायचा आणि त्यापायी त्याने बापाच्या भरपूर शिव्या खाल्ल्या होत्या. "बाबा, तुम्ही काठ बदला, हात बदलत नाही," असं म्हणून तो पुन्हा तिकडेच टाकायचा. त्याच्या फावड्याचे ओरखडेही चराच्या भिंतीवर उलट्या बाजूला तिरके पडायचे.

मामांनी वाकून चराची भिंत पाहिली. मग फावडं उचललं आणि तडक घरी आले.

३

"आज लवकर?" मामी म्हणाली. "मुकादमाने हाकललं की काय?"

"कंटाळा आला."

"तुम्हाला? कंटाळ्यालाच तुमचा कंटाळा येतो."

मामा मोरीत हात धुवायला बसले. पांढरी माती पाण्याने जाईना. नखांतली त्यांनी काडीने काढली. मनाला समजावलं, की खालच्या थरात कुठेतरी चुनखडी लागली असेल. वरच्या शेतवाल्याने आपला बांध वाचवायला परस्पर माणूस लावला असेल. जगात डावखुरे काय थोडे आहेत? हिशेब जुळत होता. तरी जेवताना त्यांचा घास तोंडापाशी थांबला, आणि मामीने विचारलं, "मीठ जास्त झालं का?"

संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे उस्तादांकडे गेले. उस्ताद सहा महिने अंथरुणाला खिळले होते. खोली एवढीशी. एक खाट, एक स्टूल, औषधाच्या बाटल्यांची फळी आणि चराच्या बाजूला उघडणारी खिडकी. डावऱ्याची बहीण त्यांचं सगळं करायची. तिने लग्न केलं नाही म्हणण्यापेक्षा तिला कुणी मागणी घातली नाही. पळपुट्याची बहीण कोण करणार? तीस वर्षं गावाने त्या घरावर तोंडसुख घेतलं होतं. शाळेत शर्यती असल्या की कुणीतरी हमखास म्हणायचं, "पळायला त्यांच्या घरचा घ्या, पहिला येईल." ती शेजारून पाणी घेऊन जात असली तरी म्हणायचे, तिला ऐकू जावं म्हणूनच म्हणायचे.

कारण त्या घरी सरकारी कागद आला होता. तुमचा मुलगा काम सोडून पळाला. खाली साक्षीदाराची सही होती. मामांची.

लढाई संपवून मामा परतले त्या दिवशी उस्तादांनी एकच विचारलं होतं, "तू डोळ्यांनी पाहिलंस?" मामा म्हणाले, "हो." उस्ताद म्हणाले, "निदान तू खरं सांगितलंस बाबा." त्यानंतर त्या घरात मुलाचं नाव निघालं नाही.

"दादा, डॉक्टर म्हणतात, आता काही खरं नाही," बहीण दाराशी हळूच म्हणाली. "आठवडा, फार तर दोन."

आत उस्ताद खिडकीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी मान वळवली नाही.

४

चौथ्या दिवसापासून मामा पावलं मोजू लागले. सकाळी दोन टोकांमध्ये शंभर पावलं उरली होती. दुपारी साठ. यांनी वीस काढली, तर तिकडूनही वीस निघालेली. माणूस दिसायचा नाही. चराला मध्ये वळण होतं, वळणावर लव्हाळी माजलेली, आणि त्याच्याही पुढे रस्ता चरावरून जात होता तिथे दगडी नळ होता, माणूस रांगत जाईल एवढा. मामा वळणापाशी धावत गेले की पलीकडे नुसतं हलणारं पाणी दिसायचं. पण माघारी येऊन खाली वाकले की आवाज यायचा. फावडं गाळात शिरताना होतो तो, मग ओल ओढून घेतल्यासारखा, मग काठावर थप्प. एक, दोन, तीन, मग श्वास घेण्याएवढी उसंत. भरभर नाही, सावकाश नाही. सवयीच्या माणसाचं काम.

पाचव्या दिवशी मामा गेलेच नाहीत. बघू म्हटलं, मी नाही काढला तर गाठ कशी पडते. दिवसभर घरात बसले. मामी म्हणाली, "आजारी असाल तर झोपा, नाहीतर निदान डबे तरी पुसा." त्यांनी डबे पुसले.

सहाव्या दिवशी जाऊन पाहिलं, तर तिकडचं काम झालं होतंच, आणि मामांच्या बाजूची वीस पावलंही निघाली होती. कडा साफ, ओरखडे उलटे.

मामा म्हणतात, भीती तेव्हा वाटली. त्या देशात त्यांना ताप भरला होता, तेव्हा डावऱ्याने दोन दिवस असाच त्यांचा वाटा उपसला होता, कुणाला कळू न देता.

आता दोघांच्या मध्ये फक्त तो दगडी नळ उरला होता.

मामांना त्याही वेळी राग आला. ते चराच्या काठावर उभे राहून मोठ्याने बोलले, "माझ्याकडे कशाला येतोस? साहेबाकडे जा! तो खुर्चीत बसून पेन्शन खात असेल. त्या कारकुनाकडे जा! मी कोण? मी फावडंवाला!" रस्त्याने जाणारी एक बाई थबकली आणि पदर सावरून लगबगीने निघून गेली. नळातून आवाज आला. थप्प.

५

खरं काय झालं होतं ते असं.

रस्त्याखालून चर नेला होता, वर फळ्या टाकून. तो तुंबला. पहाटे तोफा जायच्या होत्या. साहेबाने दोघांना दोन टोकांनी आत घातलं. रांगत जायचं आणि गाळ मागे ढकलायचा. वरून भरलेली गाडी गेली, मधल्या फळ्या बसल्या, आणि डावरा आत अडकला. त्याच्या मागचंही छत बसलं होतं. दोघांच्या मध्ये तेवढी माती राहिली. पलीकडून ठोकल्याचा आवाज येत होता, फावड्याच्या दांड्याचा. मामांनी फावडं टाकलं आणि हातांनी उकरायला घेतलं. शिकवलंच होतं तसं.

साहेब बाहेरून ओरडला, "बाहेर ये. भरून टाका हे सगळं. वरून दगड-माती, सरळ सपाट करा."

"साहेब, माणूस आहे आत."

"मेलाय तो."

"नाही साहेब, ठोकतोय. हातभर राहिलंय. ऐका तुम्ही."

साहेबाने ऐकलं नाही. घड्याळ पाहिलं. दोघा मजुरांनी मामांचे पाय धरून त्यांना बाहेर ओढलं, आणि कुणीतरी हातात फावडं दिलं. मामांनी माती टाकली. सगळ्यांबरोबर टाकली. तोफा वेळेवर गेल्या. साहेबाला बढती मिळाली असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने कागद पुढे केला. तंबूत एक टेबल, त्यावर चहाचा कप, शाईची दौत. चार ओळी. अमुक मजूर काम सोडून जंगलाच्या दिशेने पळाला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"हे खोटं आहे," मामा म्हणाले.

"खरं लिहिलं तर साहेबांना जाब द्यावा लागेल," कारकून मान वर न करता म्हणाला. "चौकशी बसेल. मग तू घरी कधी जाणार? दोन वर्षं? तीन?"

"त्याच्या घरी हे कळवणार?"

"कळवावं लागतं. नियम आहे."

मामा चौथीपर्यंत शिकलेले. चार ओळी होत्या, त्यांनी दोनदा वाचल्या. वाचता येत नव्हतं म्हणायचीही सोय नाही. सही केली.

जिवंत माणसाला गाडलं आणि वर त्याच्या माथी पळपुटेपणा मारला. साहेबाला घाई होती, कारकुनाला नियम होता, मामांना घर हवं होतं. आणि तो पोरगा हातभर मातीपलीकडे वाट बघत होता, की माझा जोडीदार येतोय.

६

सातव्या दिवशी भर दुपारी मामा नळात शिरले. मुकादमाने सकाळीच बजावलं होतं, "आज नळ मोकळा झाला पाहिजे, वरचं पाणी सोडायचंय." ऊन इतकं लख्ख होतं की बाहेर दगडावर पाल सुद्धा थांबत नव्हती. आत मात्र गार, आणि वास त्या देशाचा. ओल्या खडूचा, भिजल्या घोंगडीचा.

रांगत दहा हात गेल्यावर गाळाची भिंत लागली. मामांनी कान लावला. पलीकडे काही नाही. मग अगदी जवळून, जणू त्यांच्या श्वासाची वाट पाहून, दांडा ठोकला गेला. ठक. ठक.

मामांनी फावडं मागे सरकवलं आणि हातांनी उकरू लागले. का, ते त्यांना आजही सांगता येत नाही. म्हणतात, हातांनाच माहीत होतं. काळी माती संपली, पांढरी लागली. वीतभर आत गेल्यावर समोरची माती आपोआप हलली. आधी एक खडा पडला. मग भोक पडलं, रुपयाएवढं. भोकातून उजेड यायला हवा होता, कारण पलीकडचं टोक उघडं होतं. उजेड आला नाही.

बोटं आली. चार. पांढऱ्या मातीने लिंपलेली, नखं झिजून कातडीपर्यंत गेलेली. ती मामांना धरायला आली नव्हती. माती खरवडून बाजूला करत होती, नीट, कडेकडेने, काम संपवायला आलेल्या माणसासारखी. डावा हात होता.

मग बोटं थांबली. थांबून राहिली. मामांना कळलं, कशासाठी थांबलीत. "आलो" म्हणायची पाळी यांची होती. हा आला होता तीस वर्षांपूर्वीच. त्याने त्याचं काम केलं होतं. एक शब्द हवा होता.

मामांनी तोंड उघडलं. शब्द फुटला नाही. ते उलटे रांगत बाहेर पडले, गुडघे सोलवटले, फावडं आत राहिलं, आणि ते पळाले. भर उन्हात, रस्त्यावरून, लोकांच्या डोळ्यांदेखत. कागदावर जे डावऱ्याच्या नावाने लिहिलं होतं, ते मामांनी करून दाखवलं.

"मामा, पिसाळलेलं कुत्रं लागलंय की काय पाठीमागे?" मुकादम ओरडला. मामा थांबले नाहीत.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा उस्तादांकडे गेले. बहीण त्यांना चमच्याने पेज भरवत होती. मामा खाटेपाशी जमिनीवरच बसले आणि सगळं सांगितलं. फळ्या, साहेब, दांड्याचा आवाज, चार ओळी, सही. नळातलंही सांगितलं. बहिणीच्या हातातला चमचा वाटीवर टेकला आणि तिथेच राहिला.

उस्ताद खिडकीकडे बघतच बोलले. "आठ दिवस ऐकतोय. उलट्या हाताचं फावडं मला कळतं. म्हटलं, आपलं वय झालं, कान वाजतात." मग त्यांनी पहिल्यांदा मान वळवून मामांकडे पाहिलं. "किती राहिलं होतं?"

"हातभर."

"हातभर," उस्ताद म्हणाले. "हातभर ठेवून उठलास तू. आणि तीस वर्षं माझ्या घरचा चहा प्यायलास."

मामांनी मान खाली घातली. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बहीण उठली. तिने वाटी फळीवर ठेवली, हात पुसले, खिडकी सताड उघडली. तीस वर्षं ती मामांना दादा म्हणत आली होती. आता फक्त म्हणाली, "उठा."

"कुठे?"

"गावात दारोदार माझ्या भावाला पळपुटा म्हणत आले. तुम्हीही दारोदार चला. आधी मुकादम."

मुकादम दात घासत बाहेर आला. "काय मामा, काल कुठे पळा—" बहिणीने त्याच्याकडे असं पाहिलं की ब्रश तोंडातच थांबला. मामांनी सांगितलं, "डावरा पळाला नव्हता. तो चरात जिवंत होता आणि आम्ही वरून माती टाकली. साहेबाने सांगितलं म्हणून टाकली. खोटी सही मी माझ्या हाताने केली."

मुकादम थुंकायचंही विसरला. बहीण पुढच्या दाराकडे वळली होती. तिथे मामांचा आवाज चिरका निघाला तर ती म्हणाली, "आतल्या माणसांना ऐकू गेलं नाही. पुन्हा." त्यांनी पुन्हा सांगितलं. शिंप्याच्या दारात, मास्तरांच्या दारात, शर्यतीचा विनोद ज्याने काढला होता त्याच्या दारात. कुणी म्हणालं, "आता कशाला उकरून काढता?" त्याला ती म्हणाली, "तुम्ही रोज उकरत होतात." कुणी दार लावून घेतलं. लावलेल्या दारासमोरही तिने मामांना उभं केलं आणि सगळं बोलायला लावलं.

अठरा दारं झाली. ऊन डोक्यावर आलं. मामा म्हणाले, "झालं ना आता?"

"एक राहिलं," ती म्हणाली.

एकोणिसावं दार मामांचं स्वतःचं होतं. मामी पदराला हात पुसत आली आणि दोघांना दारात बघून म्हणाली, "अगं बाई, उन्हाचे उभे काय, आत या ना." मामा उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले, आणि जिच्याशी सव्वीस वर्षं संसार केला त्या बाईला त्यांनी पहिल्या शब्दापासून सांगायला सुरुवात केली.